कै. हरि नारायण आपटे : साच्यापेक्षा माणूस मोठा



गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गास एक साहसकथा लिहून आणावयास सांगितले होते. दिवाळीच्या सुटीनंतर वह्यांचा ढीग माझ्यापुढे आला, आणि मी मोठ्या उत्सुकतेने तो वाचावयास बसलो. दहावी वही संपता संपता मला असे वाटू लागले की, आपण एकच वही पुनःपुन्हा वाचीत आहो. प्रत्येक कथेत एक शूर मुलगा होता, एक दुष्ट होता, एक गुहा किंवा किल्ला होता. प्रारंभी संकट, मध्ये पाठलाग व अखेरीस विजय. एका कथेतील नायक उचलून दुसऱ्या कथेत ठेविला असता तर कोणास पत्ताही लागला नसता. मुलांस विचारता कळले की, ही सर्व सामग्री दूरदर्शनवरील व मोबाईलवरील चित्रांच्या साहसमालिकांतून आलेली होती. त्या मालिका मीही मग मुद्दाम पाहिल्या. चित्रे सुरेख धावतात, उडतात, झुंजतात. परंतु पुष्कळशा मालिकांत आजचा भाग व उद्याचा भाग ह्यांत केवळ दुष्टाच्या नावाचाच काय तो फरक असतो.

तथापि ह्या प्रकारच्या चित्रांतही काही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांनी १९३७ साली हिमगौरीच्या गोष्टीवर मोठा चित्रपट काढला. ग्रिम बंधूंच्या मूळ जर्मन कथेत सात बुटके आहेत, पण त्यांस नावे नाहीत. एकास झाकावा व दुसऱ्यास दाखवावा इतके ते सारखे आहेत. चित्रपटात मात्र एक चिडका, एक लाजाळू, एक झोपाळू, एक आनंदी अशी त्यांस निरनिराळी नावे, चाल व स्वभाव दिले गेले. कथा तीच राहिली; परंतु चितारलेली माणसे जिवंत झाली, आणि आजही मुले त्यांस ओळखतात. साचा सर्वांस मिळतो. माणूस मात्र ज्याचा त्याने शोधावा लागतो.

आपल्या मराठी भाषेत हा धडा ज्यांनी प्रथम पुरतेपणी गिरविला व ज्यांनी आठवड्याआठवड्यास क्रमशः कथा लिहून दाखविला, त्या कै. हरि नारायण उर्फ हरिभाऊ आपटे ह्यांचे चरित्र आज तुम्हांस थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांच्या आश्रयाने हरिभाऊ वाढले. आई नसलेले मूल मोठ्या एकत्र कुटुंबात वाढते, तेव्हा ते बोलण्यापेक्षा पाहण्यास अधिक शिकते. कोण कोणाशी कसे बोलते, कोणाचा राग कोणावर निघतो, कोण मुकाट्याने सोसते, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतून मराठी घरांचे जे बारीक दर्शन घडते, त्याचे मूळ ह्या बालपणात असावे असे मला वाटते.

पुढे कुटुंबासह ते पुण्यास आले. तेथे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा निघाली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर ह्यांच्यासारखे गुरू ह्या शाळेत हरिभाऊंस लाभले. १८८२ साली विष्णुशास्त्री अकाली निवर्तले, तेव्हा ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाचे दीर्घ शोककाव्य लिहिले. लवकरच आगरकरांनी शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध केले, आणि हरिभाऊंनी त्यावर विस्तृत टीकालेख लिहिला. गुरूच्या ग्रंथावर शिष्याने टीका करावी, हे त्या काळी लहानसहान धाडस नव्हते. ‘हॅम्लेट’ हे नाटक तरी कसले? त्यात खून आहे, भूत आहे, तरवारींची झुंज आहे. परंतु ते नाटक टिकले आहे ते भुतामुळे नव्हे, तर एका राजपुत्राच्या मनातील कालवाकालवीमुळे. ज्याच्या विद्यार्थिदशेचे दिवस अशा ग्रंथाच्या विचारात गेले, त्यास कथेचा प्राण कोठे असतो हे उमगले असल्यास नवल नाही.

येथे एक गोष्ट पालकांच्याही कानी घालतो. हे हरिभाऊ कॉलेजात गेले, परंतु गणिताने त्यांस साथ दिली नाही. संस्कृत, इंग्रजी व मराठी वाङ्मयात ज्याची बुद्धी सहज चाले, तो तरुण गणिताच्या सूत्रांपुढे अडखळला, आणि पदवी न घेताच त्यांस कॉलेज सोडावे लागले. त्या दिवसांत पदवी म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा होता. तो बंद झाला. पण त्यांनी वाचन सोडले नाही की लेखन सोडले नाही. पुढे पुण्यातील आनंदाश्रम ही संस्था, जी त्यांच्या चुलत्यांनीच संस्कृत ग्रंथांच्या संग्रहासाठी व प्रकाशनासाठी स्थापिली होती, तिची व्यवस्था त्यांनी आयुष्यभर सांभाळली. ह्यावरून गणिताकडे दुर्लक्ष करावे असा अर्थ कोणी काढू नये. एका विषयातील अपयशाने सगळे आयुष्य नापास होत नाही, एवढाच त्यातील बोध होय.

आता हरिभाऊंनी लेखणी हाती धरिली तेव्हा मराठी कादंबरीची स्थिती काय होती, ते पाहू. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली व नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली निघाली होती. ह्या पुस्तकांनी लोकांस वाचनाची गोडी लाविली, हे त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु त्यांच्या मागून त्यांच्याच धर्तीवर पुस्तके निघू लागली. अनुपम लावण्यवती नायिका, अद्वितीय शूर नायक, कपटी खलपुरुष, ताटातूट, अद्भुत योगायोग, आणि शेवटी पुनर्भेट व विवाह! नायक कोणत्या गोष्टीस भितो, नायिकेस कशाचा राग येतो, हे वाचकास कधी कळत नसे. कारण ते लेखकासही ठाऊक नसे. माझ्या आठवीच्या वह्या व ती पुस्तके ह्यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे; परंतु साचा एकच आहे.

ह्याच्या अगोदर एक निराळा प्रयत्न झाला होता, आणि त्याचा उल्लेख मिशनच्या शाळेतील शिक्षकाने न केल्यास तो कृतघ्नपणा ठरेल. १८५७ साली बाबा पदमनजी ह्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांच्या दुःखास वाचा फोडली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. राजवाडे व अप्सरा सोडून घराघरांतील दुःख हा कथेचा विषय होऊ शकतो, हे तिने दाखविले. तरी प्रांजळपणे सांगावयाचे तर त्या पुस्तकात लेखकाचा उपदेश मोठा व यमुना लहान राहिली आहे. ती प्रवासात इतरांची दुःखे पाहते व ऐकते. तिच्या अंतःकरणात वाचकास फारसा प्रवेश मिळत नाही. साचा केवळ जादूच्या गोष्टींचाच असतो असे नाही. सदुपदेशाचाही साचा होतो. चांगल्या हेतूने लिहिणाऱ्यांनी, आणि आम्हां शिक्षकांनी तर विशेषच, हे ध्यानात ठेवावे.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ ही १८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. तीवर रेनॉल्ड्स नामक इंग्रज कादंबरीकाराची छाया होती. हा रेनॉल्ड्स त्या काळी हिंदुस्थानात फार वाचला जाई. गुप्त कटांच्या व खळबळजनक प्रसंगांच्या कथा रचण्यात त्याचा हातखंडा होता. म्हणजे आपले हरिभाऊही प्रारंभी दुसऱ्याच्या साच्यातूनच गेले. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रत्येक मूल प्रथम पाटीवर दुसऱ्याने काढून दिलेलेच अक्षर गिरविते. प्रश्न असा की, जन्मभर गिरवीतच राहावयाचे की कधी तरी स्वतःचे अक्षर काढावयाचे?

ते स्वतःचे अक्षर लवकरच उमटले. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. घरातील सर्व मंडळींनी, विशेषतः बायकामुलांनी, निःसंकोच वाचावे, मनोरंजन व्हावे व नकळत विचारही जागा व्हावा, असा त्याचा हेतू होता. हे साप्ताहिक त्यांनी १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे चालविले, आणि त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यातूनच प्रकरणशः बाहेर पडल्या. आजची मालिका जशी ऐन रंगात आली असता थांबते व पुढील भागाची वाट पाहावयास लावते, तशीच ‘करमणूक’मधील कथा आठवडाभर वाचकास तिष्ठत ठेवी.

क्रमशः लिहिणाऱ्यास मोठा मोह असतो. छापखान्यातून माणूस मजकुरासाठी दारात उभा असतो. सुचत नसेल तर एखादा चोर, एखादा अपघात, एखादे हरवलेले पत्र कथेत आणून आठवडा निभावता येतो. हरिभाऊही ह्या ओढाताणीतून सुटले नाहीत. त्यांच्या कथेत पाल्हाळ आहे, लेखक मध्येच वाचकाशी गप्पा मारू लागतो, आणि काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु ज्या कादंबऱ्यांत त्यांनी आधी माणूस ओळखला व मग प्रसंग लिहिले, त्या कादंबऱ्या हे सर्व दोष पोटात घालूनही आज उभ्या आहेत.

त्यांतील अग्रगण्य म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो?’. ती १८९० ते १८९३ ह्या काळात ‘करमणूक’मधून आली. तीत किल्ला नाही, भुयार नाही, राजकन्या नाही. यमू नावाची एक मध्यम स्थितीतील ब्राह्मण मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते, एवढेच. भातुकलीचे खेळ, भावाशी भांडणे, लहानपणी झालेले लग्न, सासरची जाच करणारी माणसे, धर्माचे सोंग आणणारे शंकरमामंजी, आणि यमूस प्रेमाने लिहावाचावयास शिकविणारा तिचा नवरा रघुनाथराव, ही सारी माणसे वाचकांस आपल्याच वाड्यातील वाटली. काही काळ यमूचे दिवस सुखाचे जातात. मग रघुनाथराव मरण पावतात, आणि ह्या शिकलेल्या, हसतमुख मुलीचे बळेच केशवपन करण्यात येते.

असे प्रकार त्या काळी घरोघर घडत असत व लोक ते पाहून पुढे जात. वर्तमानपत्रांतून त्यांवर लेख येत, सभांतून व्याख्याने होत. परंतु यमूशी वाचकांची तीन वर्षे ओळख झाली होती. तिची थट्टामस्करी त्यांस ठाऊक होती, तिचे पहिले धडे त्यांनी तिच्याबरोबर गिरविले होते. म्हणून तिचे दुःख हा केवळ वादाचा विषय राहिला नाही. ते ओळखीच्या मुलीचे दुःख झाले. एखादी ठराविक नायिका असती तर वाचकाने हळहळून पान उलटले असते. सज्जनहो, कथेत खरा माणूस असावा की नसावा, हा केवळ कारागिरीचा प्रश्न नव्हे, हे येथे स्पष्ट होते. ज्यास आपण माणूस म्हणून ओळखतो, त्याच्यावरचा अन्याय आपणास सहन होत नाही. ज्यास आपण ठोकळा समजतो, त्याचे काहीही झाले तरी आपणास झोप लागते.

त्यानंतरची ‘मी’ ही कादंबरी १८९३ ते १८९५ ह्या काळात आली. तिचा नायक भावानंद हा देशसेवेसाठी घरसंसाराचा त्याग करणारा तरुण होय. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. अशा सेवाव्रती माणसाचे चित्र हरिभाऊंनी त्याच्या दहा वर्षे अगोदर रंगविले होते. आणि हा भावानंद जन्मतः थोर नाही. तो चुकतो, शिकतो, बहिणीच्या दुःखाने हळवा होतो, आणि हळूहळू घडत जातो. माणूस घडत जाताना दिसणे, ही गोष्ट साच्यात कधीच बसत नाही. कारण साच्यातील नायक पहिल्या पानावर जसा असतो तसाच शेवटच्या पानावर असतो.

कोणी म्हणेल की, घरगुती कथेस माणसे लागतात हे खरे, परंतु साहसकथेचे काय? तीत घोडदौड व तरवार पुरे नाही काय? ह्याचेही उत्तर हरिभाऊंनीच देऊन ठेविले आहे. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपू सुलतानाविषयी होती, व ती मेडोज टेलर ह्या इंग्रज लेखकाच्या आधाराने लिहिली होती. ती आज फारसे कोणी वाचीत नाही. परंतु १८९५ ते १८९७ ह्या काळात आलेली ‘उषःकाल’ मात्र मराठी वाचकांनी हृदयाशी धरिली. शिवाजी महाराजांच्या उदयकाळची ही कथा. तीत वेषांतरे आहेत, गुप्त खलबते आहेत, पाठलाग आहेत. साहसकथेची सर्व सामग्री आहे. पण मनात राहतात ते रंगराव अप्पा व नानासाहेब हे पितापुत्र. बाप विजापूरच्या दरबाराचा जुना, इमानी किल्लेदार. ज्याचे मीठ खाल्ले त्यास दगा देणे त्यास पाप वाटते. मुलाचे मन मात्र शिवाजी महाराजांच्या नव्या कार्याकडे ओढले जाते. दोघेही प्रामाणिक, दोघेही मानी, आणि एकाच घरात! येथे दुष्ट कोण? कोणीच नाही, आणि म्हणूनच वाचकाचा श्वास अडकतो. त्याच कथेतील सावळ्या नावाचा चुणचुणीत पोरगा तर मुलांचा विशेष लाडका. तो राजपुत्र नाही, मोठा वीर नाही. परंतु त्याची हुशारी व निष्ठा त्याची स्वतःची आहे.

‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ ची. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा किल्ला घेतला व तेथेच देह ठेविला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. शेवट ठाऊक असता कादंबरी का वाचावी? कड्यावर दोर कसा लागला ह्यापेक्षा, मुलाचे लग्न घरी मांडलेले असताना बाप मोहिमेवर का निघाला, हे आपणास जाणून घ्यावयाचे असते. कडा चढणारा वीर पुष्कळ कथांत सापडतो; मांडवातून उठून जाणारा बाप एकच असतो. ह्याच कादंबरीवरून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर ह्यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, व १९३३ साली प्रभात कंपनीने त्याच नावाचा बोलपट काढला. म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापुरात हलती चित्रे नुकती रांगू लागली, तेव्हा साहसासाठी त्यांनी ज्या लेखकाकडे धाव घेतली, तो हरिभाऊच होता. मूकपटात शब्द नसतात. तेथे माणसाचा स्वभाव चेहऱ्यातून व चालीतूनच दिसावा लागतो. आजच्या चितारलेल्या मालिकांनीही त्यापासून काही घेण्यासारखे आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या ‘वज्राघात’ ह्या कादंबरीत हरिभाऊंनी १५६५ सालच्या विजयनगरच्या पाडावाची कथा घेतली. एवढे मोठे साम्राज्य धुळीस मिळते, लक्षावधींच्या फौजा भिडतात. परंतु लेखकाचे लक्ष रामराजा ह्या एका माणसाकडे आहे. तारुण्यात एका स्त्रीशी त्याने केलेली प्रतारणा त्याच्या विनाशाचे बीज कशी होते, हे तो दाखवितो. इतिहासकार ह्या पराभवाची कारणे निराळी सांगतील व ती त्यांनी सांगावीत. परंतु पेरावे तसे उगवते, हे वाचकाच्या मनावर जितके ह्या चित्राने ठसते तितके सनावळ्यांनी ठसत नाही.

हरिभाऊ केवळ लेखणीचे धनी नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी सभासद म्हणून व पुढे अध्यक्ष म्हणून काम केले. दुष्काळावर त्यांनी लिहिलेली ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही लघुकथा पोटास अन्न नसलेल्या गरिबाच्या घरात आपणास नेऊन बसविते; दुष्काळ म्हणजे काय हे ज्या जिल्ह्याच्या पूर्वभागास चांगले ठाऊक आहे, त्या आपल्या जिल्ह्यातील वाचकांनी ती अवश्य वाचावी. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्यांस देण्यात आले. १९१५ साली मुंबई विश्वविद्यालयात त्यांनी विल्सन व्याख्याने दिली व त्यांत मराठी भाषेचे मूळ व तिची वाढ ह्यांचे विवेचन केले. ही व्याख्यानमाला स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड जॉन विल्सन ह्यांच्या नावे चालत असे. ज्यास गणितामुळे पदवी मिळाली नव्हती, तो त्याच विश्वविद्यालयाच्या व्यासपीठावरून विद्वानांस आपली भाषा समजावून देत होता! ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांनी पुण्यास इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या मागून मराठीत नियतकालिकांचा मोठा विस्तार झाला. आपल्या पलूसच्या अगदी शेजारी, किर्लोस्करवाडीहून, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली व पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. क्रमशः कथेची वाट पाहण्याचा जो छंद हरिभाऊंनी पुणेकरांस लाविला, तो अशा मासिकांनी खेडोपाडी पोहोचविला. आता कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली आहे. साधन बदलले, कसोटी बदललेली नाही.

ही कसोटी काय, हे आपल्या प्रभू येशूच्या दाखल्यांतही दिसून येते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घटना किती थोड्या आहेत! मुलगा घर सोडतो, दैन्यास लागतो, परत येतो. परंतु दुरून त्यास पाहून धावत सुटणारा म्हातारा बाप, आणि अंगणाबाहेर रागावून उभा राहिलेला थोरला भाऊ, हे दोघे आपणास जन्मभर सोडीत नाहीत. कारण आपणांपैकी प्रत्येकजण कधी तरी त्या अंगणाबाहेर रुसून उभा राहिलेला असतो.

आता माझ्या वह्यांच्या ढिगाकडे परत येतो. त्या ढिगात तळाशी एक वही होती. लिहिणारा मुलगा वर्गात मागील बाकावर बसणारा, गुणपत्रिकेत कधी वर न येणारा. त्याने गुहा लिहिली नव्हती की दुष्ट लिहिला नव्हता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईला महापूर आला, तेव्हाची हकीकत त्याने लिहिली होती. नदीकाठच्या त्यांच्या घरात पाणी शिरू लागले, सर्वजण निघाले, परंतु आजी उंबरा सोडीना. तिला म्हशीचे दावे कापावयाचे होते, आणि विळा कोठे ठेविला हे तिला आठवेना. ती पाण्यात उभी राहून साऱ्या घरावर, नदीवर व देवावर रागावत होती. अखेर म्हैस सुटली, आजी चालू लागली, आणि वाटेत तिने नातवाचा हात इतका घट्ट धरिला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता. एवढीच कथा. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु त्या आजीस मी आजही ओळखतो. उद्या पलूसच्या बाजारात ती मला भेटली तर मी तिला नमस्कार करीन.

मी ती कथा वर्गात वाचून दाखविली. वाचून होईपर्यंत वर्गात कोणी चुळबूळ केली नाही. मग त्या मुलाने खाली मान घालून मला विचारले की, गुरुजी, ह्यात साहस कोठे आहे? त्यास मी तेथल्या तेथे जे सांगितले ते पुरे नव्हते. म्हणून आज हरिभाऊंचे चरित्र सांगितले.

मुलांनो, मालिका अवश्य पाहा. मनोरंजनात पाप नाही, आणि हरिभाऊंनी तर आपल्या पत्राचे नावच ‘करमणूक’ ठेविले होते. परंतु पाहून झाल्यावर स्वतःस एक प्रश्न विचारा : ह्यातील कोणी उद्या मला रस्त्यात भेटला तर मी त्यास ओळखीन काय? आणि पालकहो, आपल्या मुलांस आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या हकीकती सांगत जा. त्यांतील माणसे कोणत्याही चित्रमालिकेस पुरून उरतील. पुढील वर्षी मी आठवीस पुन्हा साहसकथाच लिहावयास सांगणार आहे. ह्या खेपेस वह्यांच्या ढिगातून निरनिराळी माणसे बाहेर येतील अशी आशा बाळगतो, आणि तुमची रजा घेतो.